चावीचे घड्याळ कसे सांभाळावे: जुन्या एचएमटीपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कपाटाच्या आतल्या खणात, जुनी पासबुके आणि चष्म्याच्या रिकाम्या डब्या यांच्या सोबतीला, एखादे एचएमटी घड्याळ पडून असते. आजोबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले, वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेले किंवा लग्नात जावयाला दिलेले असे काहीतरी त्याचे मूळ असते, आणि वापरणारी व्यक्ती गेल्यानंतर घरातल्या कोणीतरी ते जपून ठेवलेले असते. असे घड्याळ हाती आले आणि ते पुन्हा मनगटावर यावे असे वाटले, तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे येथे सांगायचे आहे. उदाहरणे एचएमटीची आहेत, कारण नवख्या माणसाच्या हाती बहुधा तेच घड्याळ प्रथम येते. मात्र चावीच्या कोणत्याही मनगटी घड्याळाला यातले बहुतेक सारे लागू पडते.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ साली बेंगळुरूत स्थापन झाली आणि १९६१ साली तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर ही त्यांची नावे एका संपूर्ण पिढीच्या ओठांवर होती. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, १९८४ साली टायटनची स्थापना झाली, चावीच्या घड्याळांची मागणी घटत गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. नवख्या माणसासाठी या इतिहासातली कामाची गोष्ट अशी, की या घड्याळांचे सुटे भाग आता मुख्यतः उरलेल्या जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातून काढूनच मिळतात. म्हणून आज जो भाग शाबूत आहे तो झिजू न देणे, हाच पुढच्या सगळ्या सूचनांचा हेतू आहे.

पहिली पायरी: चावी देण्याआधी पाहावे

खणातून निघालेले घड्याळ हातात आले, की पहिल्यांदा हात चावीकडे जातो. चार फेऱ्या दिल्या, टिकटिक सुरू झाली, की घड्याळ ‘ठणठणीत’ आहे असे समजून लोक ते त्याच दिवशी पूर्ण चावी देऊन वापरायला लागतात. यातच सर्वांत मोठे नुकसान होते. मशीनमधले तेल वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आटलेले किंवा घट्ट झालेले असते, आणि त्यात धूळ मिसळून त्याचा खरखरीत लेप झालेला असतो. बॅलन्स चाकाच्या, म्हणजे पुढे-मागे झुलून घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या चाकाच्या, आसाची टोके साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. तीच टोके तेलाविना किंवा खरखरीत लेपात फिरत राहिली तर झिजतात, आणि एकदा झिजली की नुसत्या साफसफाईने भरून येत नाहीत. तो भागच बदलावा लागतो.

ही झीज किती वेगाने होऊ शकते, हे समजण्यासाठी एक हिशोब पुरेसा आहे. एचएमटीची चावीची सतरा ज्वेलची मशीन तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ५. चोवीस तासांत हे ठोके ४,३२,००० होतात आणि वर्षभरात १५ कोटी ७६ लाखांच्या वर जातात. डायलवर लिहिलेले सतरा ज्वेल म्हणजे, जिथे घर्षण सर्वाधिक तिथे बसवलेले कृत्रिम माणकाचे कठीण खडे. ते स्वतः क्वचितच झिजतात. पण त्यांत फिरणारी पोलादी टोके मात्र तेलाच्या एका सूक्ष्म थेंबावरच तग धरून असतात.

म्हणून आधी चांगल्या उजेडात, शक्य असल्यास दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून, घड्याळ नीट पाहावे. काचेला तडा आहे का, डायलवर तपकिरी डाग किंवा फुगवटे आहेत का, काट्यांवर गंजाचे ठिपके आहेत का, चावी बाजूला हलवली असता खिळखिळी लागते का, बॉडी आणि मागचे झाकण यांच्या फटीत हिरवट थर साचला आहे का, या गोष्टी तपासाव्यात. डायलवर डाग आणि काट्यांवर गंज दोन्ही दिसत असतील, तर कधीतरी आत पाणी गेले होते असे धरून चालावे आणि चावीला हातही न लावता घड्याळ थेट कारागिराकडे न्यावे. असे काही दिसले नाही, तर चावीच्या फक्त चार-पाच फेऱ्या देऊन घड्याळ चालते का ते पाहावे. चावी फिरवताना बारीक, एकसारखी ‘करकर’ ऐकू आली पाहिजे. चावी कितीही फिरवली तरी नुसतीच मोकळी फिरत राहिली, तर मुख्य स्प्रिंग, म्हणजे चावीने पीळ बसून घड्याळ चालवणारी स्प्रिंग, तुटलेली असण्याचा संभव असतो. आणि बोटे सोडताच ती उलटी गरगर फिरली, तर स्प्रिंगला धरून ठेवणारा खटका गेलेला असतो. डायल वर करून पाच मिनिटे आणि डायल खाली करून पाच मिनिटे घड्याळ कानाशी धरावे. एका बाजूला चालते आणि दुसऱ्या बाजूला अडते असे दिसले, तर ती माहिती कारागिराला फार उपयोगी पडते. एवढे झाल्यावर घड्याळ आपोआप थांबू द्यावे. बंद घड्याळ हलवून, तळहातावर आपटून सुरू करण्याची सवय मात्र पूर्णपणे टाळावी.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. खणात एचएमटीच्या जोडीला त्याहून जुने, १९६० पूर्वीचे एखादे स्विस घड्याळही सापडू शकते. फाव्हर ल्युबा आणि वेस्ट एंड ही नावे आपल्याकडे त्या काळी चांगलीच प्रचलित होती. अशा घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांवर तपकिरी पडलेला जाडसर लेप असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. तो आता अंधारात चमकत नाही, म्हणून निरुपद्रवी झाला असे समजू नये. चमकणारे द्रव्य जळून गेलेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे आहे. काच शाबूत असेल तोवर ठीक, पण असे घड्याळ घरी मुळीच उघडू नये, त्या लेपाचा भुगा श्वासात किंवा बोटांवर येऊ देऊ नये, आणि दुरुस्तीला देताना कारागिराला तशी स्पष्ट कल्पना द्यावी.

दुसरी पायरी: पहिले सर्व्हिसिंग आणि कारागिराशी बोलणे

वर्षानुवर्षे पडून राहिलेले घड्याळ वापरण्याआधी त्याचे पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावे. पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला माहीत असले पाहिजे, कारण याच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे चालतात. एकात मागचे झाकण उघडून, हवेचा फुगा मारून, दिसेल तिथे तेलाचा थेंब सोडला जातो. दहा मिनिटांत घड्याळ परत मिळते आणि काही महिने चालतेही, पण जुन्या घाणीवर नवे तेल पडल्यामुळे तो लेप आणखी पसरतो. दुसऱ्यात काटे आणि डायल उतरवून मशीन पूर्ण सुटे केले जाते, प्रत्येक चाक, पूल (चाके जागेवर धरणारी धातूची पट्टी) आणि खडा धुतला जातो, मुख्य स्प्रिंग तिच्या डबीतून काढून पाहिली जाते, आणि जोडणी करताना प्रत्येक ठिकाणी तिथले योग्य वंगण दिले जाते. स्प्रिंगला आणि चावीच्या यंत्रणेला घट्ट ग्रीस लागते, बॅलन्सच्या खड्यांना अतिशय पातळ तेल लागते, आणि बॅलन्सला धक्का देणाऱ्या फोर्कच्या आसांना बहुतेक घड्याळांत तेल मुळीच देत नाहीत. तेल जास्त झाले तर ते नको तिथे ओघळते आणि घड्याळ तेवढ्यानेही बिघडते. हे काम दहा मिनिटांचे नव्हे, आणि त्यानंतर घड्याळ काही दिवस दुकानातच चालवून वेळ लावून पाहावी लागते. म्हणून कोणी आठवडाभराने या म्हटले तर नाराज होऊ नये; माझ्या मते तोच भरवशाचा माणूस.

घड्याळ देताना चार गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. खर्चाचा अंदाज घ्यावा आणि एखादा भाग बदलावा लागल्यास आधी विचारण्यास सांगावे. बदललेला जुना भाग परत मागावा. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, तो भाग पुढे नमुना म्हणून उपयोगी पडतो. बॉडीला पॉलिश करू नये असे सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, डायल नव्याने रंगवून घेऊ नये. डायलवरचा पिवळेपणा किंवा एखादा डाग घड्याळाच्या चालण्यात कोणतीही आडकाठी आणत नाही. मूळ छपाईतली बारीक, रेखीव अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत, आणि त्यांच्या जागी येणारी अक्षरे बहुधा जाड व थोडी वाकडी असतात. डायल कापसाने पुसून स्वच्छ करण्याचा मोह कारागिरालाही होऊ शकतो. जुन्या डायलची छपाई ओल्या कापसाच्या एका फेऱ्यात निघून येते, म्हणून ‘डायलला हात लावू नका’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.

रंगवलेल्या डायलचा विषय निघालाच आहे, तर ज्यांच्या घरी घड्याळ नाही आणि ज्यांना विकत घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी चमकदार लाल, हिरव्या, नारिंगी डायलची जुनी एचएमटी घड्याळे स्वस्तात मिळतात. त्यांतली पुष्कळशी निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून आणि डायल नव्याने छापून तयार केलेली असतात. ती वापरू नयेत असे नाही, परंतु जुने अस्सल घड्याळ समजून त्यांचे पैसे मोजू नयेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळाची डायल कोरी करकरीत आणि बॉडी मात्र झिजलेली दिसली, तर शंका घ्यावी. चावी, काटे, मागच्या झाकणावरील मजकूर आणि डायलवरील नाव हे त्याच मॉडेलच्या इतर घड्याळांच्या छायाचित्रांशी ताडून पाहावे. आतल्या मशीनचे छायाचित्र द्यायला नकार देणाऱ्याकडून घड्याळ घेऊ नये.

तिसरी पायरी: रोज चावी देणे

सर्व्हिसिंग होऊन आलेल्या घड्याळाला रोज एकदा, शक्यतो सकाळी ठरावीक वेळी चावी द्यावी. पूर्ण चावी दिलेले चांगल्या स्थितीतले घड्याळ दीड दिवसाच्या वर चालते. मात्र स्प्रिंग उतरत आली की तिचा जोर घटतो आणि वेळ बदलू लागते. रोज एकाच वेळी चावी दिल्याने स्प्रिंग तिच्या जोरकस टप्प्यातच राहते आणि घड्याळाची चूक रोज सारखी राहते, म्हणजे ती हिशोबात धरता येते.

चावी देताना घड्याळ मनगटावरून काढावे. मनगटावर असताना बोटे चावीला खालून वर ढकलतात आणि तिच्या बारीक दांडीवर आडवा ताण येतो. दांडी मोडण्याचे किंवा चावीचे भोक रुंदावण्याचे हे नेहमीचे कारण आहे. घड्याळ डाव्या हातात धरावे, उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने चावी पुढच्या दिशेने सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेरीनंतर पकड सोडून पुन्हा धरावी. मशीननुसार साधारण पंचवीस ते पस्तीस अशा छोट्या फेऱ्यांनंतर चावी जड होऊ लागते आणि मग स्पष्टपणे अडते. तिथे थांबावे. अडल्यावर जोर लावल्यास स्प्रिंगचे टोक किंवा खटका तुटू शकतो. ‘चावी जास्त बसली म्हणून घड्याळ बंद पडले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण सहसा अशा घड्याळात स्प्रिंग पूर्ण भरलेली असते आणि सुकलेल्या तेलामुळे पुढची चाके फिरत नसतात. दोष चावी देणाऱ्याच्या माथी मारला जातो, खरी गरज सर्व्हिसिंगची असते.

ऑटोमॅटिक घड्याळाची तऱ्हा वेगळी आहे. त्यात हाताच्या हालचालीने फिरणारे अर्धवर्तुळाकार वजन स्प्रिंगला पीळ देते, आणि स्प्रिंग पूर्ण भरली की ती डबीच्या आतल्या कडेवर घसरते, त्यामुळे चावी अडत नाही. तिथे अडण्याची वाट पाहत बसू नये. बंद पडलेल्या ऑटोमॅटिकला, चावी देण्याची सोय असल्यास, वीसेक फेऱ्या देऊन मनगटावर बांधावे.

चौथी पायरी: वेळ आणि तारीख लावणे

वेळ लावण्यासाठी चावी नखाने अलगद, सरळ बाहेर ओढावी आणि काटे पुढच्या दिशेने फिरवून वेळ जुळवावी. दोन-चार मिनिटे मागे आणल्याने सहसा काही बिघडत नाही, पण तास दोन तास मागे नेण्याची सवय लावू नये. लावून झाल्यावर चावी पूर्ण आत दाबली गेली आहे, याची खात्री करावी. अर्धवट बाहेर राहिलेली चावी म्हणजे धूळ आणि ओलावा यांना उघडे दार.

घड्याळात तारीख किंवा वार असेल, तर एक नियम कटाक्षाने पाळावा. रात्री नऊ ते पहाटे तीन या काळात तारीख बदलणारी चाके एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्या वेळी चावीने तारीख जबरदस्तीने पुढे ढकलल्यास एखादा दाता मोडू शकतो. बंद पडलेल्या घड्याळावरून सकाळ की रात्र हे कळत नाही, म्हणून आधी काटे पुढे फिरवून तारीख कधी पालटते ते पाहावे; ती पालटली म्हणजे मध्यरात्र झाली. मग काटे सकाळी सहापर्यंत आणून तारीख लावावी आणि शेवटी योग्य वेळ लावावी.

पाचवी पायरी: वापर, घाम आणि स्वच्छता

जनतासारख्या घड्याळांची बॉडी बहुधा पितळेची, वरून क्रोमचा मुलामा दिलेली असते, तर मागचे झाकण पोलादी असते. घामातला क्षार मुलाम्याच्या बारीक फटींतून पितळेपर्यंत पोहोचतो आणि तिथून खाऊ लागतो. पट्ट्याखालच्या कोपऱ्यांत, मागच्या झाकणाच्या कडेला आणि चावीच्या भोवती हे सर्वांत आधी दिसते. त्यामुळे संध्याकाळी घड्याळ काढल्यावर मऊ, कोरड्या सुती कापडाने मागची बाजू पुसणे हा अर्ध्या मिनिटाचा उपाय कोणत्याही महागड्या पॉलिशपेक्षा मोलाचा आहे. साचलेला मळ लाकडी टूथपिकच्या टोकाने हलकेच काढावा. सुई, ब्लेड किंवा लिंबू-चिंच यांचा प्रयोग मुलाम्यावर करू नये. अत्तर किंवा डासांचे मलम मनगटावर लावले असेल, तर ते वाळल्यावरच घड्याळ बांधावे, कारण यांतली काही द्रव्ये प्लॅस्टिकची काच धुरकट करतात.

ही प्लॅस्टिकची काच हा जुन्या एचएमटीचा एक मोठा गुण आहे, असे मला वाटते. ती फुटून तिचे कण मशीनमध्ये शिरत नाहीत, आणि तिच्यावरचे वरवरचे ओरखडे घरच्या घरी घालवता येतात. नखाने टकटक केल्यावर बोथट आवाज आला आणि स्पर्श खऱ्या काचेसारखा थंड लागला नाही, म्हणजे ती प्लॅस्टिकची. घड्याळाच्या मुलाम्याच्या कडेवर सगळीकडून चिकटपट्टी लावावी, जेणेकरून घासताना मुलामा जाणार नाही. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) मटारच्या दाण्याएवढी मऊ कापडावर घ्यावी आणि हलक्या दाबाने लहान वर्तुळांत पाच-सात मिनिटे घासावी. मग किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने पेस्ट टिपून घ्यावी. नळाखाली मात्र घड्याळ धरू नये. नख अडकेल इतका खोल ओरखडा अशाने जाणार नाही. त्यासाठी आणि तड्यासाठी काच बदलून घ्यावी, तिचा खर्च फारसा नसतो.

एचएमटीच्या अनेक डायलांवर ‘पॅराशॉक’ हा शब्द दिसतो. बॅलन्सच्या खड्यांना बारीक स्प्रिंगने धरून, धक्का बसला तर आसाची टोके मोडू नयेत अशी ती योजना आहे. तिच्यामुळे घड्याळ टेबलावरून पडल्यास वाचण्याची शक्यता वाढते. पण हातोडी, ड्रिल, बॅट किंवा हातपंप चालवताना घड्याळ काढून ठेवणेच बरे.

सहावी पायरी: पावसाळा

कोकण, मुंबई आणि गोवा येथे जून ते सप्टेंबर हे चार महिने चावीच्या घड्याळांच्या परीक्षेचे असतात. मागच्या झाकणावर काहीही लिहिलेले असले तरी पन्नास वर्षांच्या रबरी वॉशरवर विसंबू नये आणि हे घड्याळ पाण्यापुढे मुळीच टिकत नाही असे धरूनच ते वापरावे. पावसात बाहेर पडताना ते घरी ठेवावे. भांडी, कपडे, अंघोळ यांच्या वेळी ते अंगावर नसावे. नव्या घड्याळांवरही ३० मीटर असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ तीस मीटर खोल पोहता येते असा नाही. तो आकडा प्रयोगशाळेत दिलेल्या स्थिर दाबाचा असतो, आणि रोजच्या वापरात त्याचा अर्थ हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरताच घ्यावा.

काचेच्या आत धुके दिसले, तर वेळ घालवू नये. पोलादी भाग ओलाव्यात फार लवकर गंजतात, आणि हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्स चाकाला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगवर, गंजाचा एक ठिपका पडला तरी ती वाया जाऊ शकते. अशा वेळी चावी देणे, काटे फिरवणे, उन्हात ठेवणे, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारणे, तांदळाच्या डब्यात पुरणे यांपैकी काहीही करू नये. उष्णतेने आतले पाणी वाफ होऊन मशीनच्या आणखी आतल्या भागात पोहोचते, आणि तांदळाचा पिठूळ भुगा फटींतून शिरतो. घड्याळ ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कारागिराकडे पोहोचवावे. समुद्राचे पाणी गेले असेल तर थेट दुकान गाठावे, कारण मीठ रात्रभरही थांबत नाही.

सातवी पायरी: वेळ किती चुकते ते मोजणे

दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. जुने सतरा ज्वेलचे घड्याळ दिवसाला ३० सेकंद पुढे किंवा मागे गेले, तर त्याची चूक २,८८० मध्ये १ एवढीच होते. इतक्या वयाच्या यंत्राकडून ही कामगिरी मी उत्तम मानतो आणि नवख्यांनीही मानावी. त्यासाठी आठवडाभर रोज चावी देण्याआधी मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहावा. एका दिवसाच्या फरकाला काही अर्थ नसतो. सात दिवसांचा कल पाहावा. फरक रोज सारखा असेल, म्हणजे रोज वीस सेकंद पुढे, तर मशीन निरोगी आहे आणि कारागीर ते काही क्षणांत जुळवून देऊ शकतो. फरक कधी पुढे, कधी मागे, असा वेडावाकडा असेल, तर सर्व्हिसिंगची वेळ आली आहे. रात्री घड्याळ कसे ठेवता यावरही फरक पडतो: डायल वर करून ठेवल्यास आणि चावी खाली करून उभे ठेवल्यास चाल वेगळी येते. दोन्ही प्रकार आठवडाभर करून पाहावेत आणि दिवसभराची चूक ज्याने भरून निघते तो ठेवावा.

काल-परवापर्यंत बरे चालणारे घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि बॅलन्स भराभर झुलू लागतो. मोबाइलच्या कव्हरमधली चुंबकी पट्टी, पर्सचे चुंबकी बटण, स्पीकर, फ्रिजच्या दारावर चिकटवण्याच्या वस्तू ही घरातली नेहमीची ठिकाणे. साधे होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्या जवळ न्यावे. सुई ठोक्यांसोबत थरथरू लागली, तर निदान जवळजवळ पक्के झाले. घड्याळाच्या दुकानात चुंबकत्व काढण्याचे लहान यंत्र असते आणि काम मिनिटभरात होते. झाकण उघडून आतली, वेग कमी-जास्त करणारी अधिक-उणे खुणांची पट्टी स्वतः सरकवण्याचा प्रयत्न मात्र नवख्याने करू नये, कारण तिच्या शेजारीच, केसाहून बारीक अशी ती हेअरस्प्रिंग असते आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घसरले की ती वाकते.

पट्टा आणि पिना

पट्ट्याकडे लोक शोभेची वस्तू म्हणून पाहतात, पण घड्याळ पडते ते बहुधा पट्ट्याच्या पिनेमुळे. बॉडीच्या दोन टोकांना पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना घामाने गंजतात आणि एक दिवस निसटतात. जुने घड्याळ वापरायला काढताना या दोन्ही पिना न चुकता बदलाव्यात. पट्टा घेण्याआधी तो जिथे बसतो ती रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. पुरुषांच्या जुन्या घड्याळांत १८ मिलिमीटर हे माप नेहमी आढळते. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा बुरसतो आणि त्याला वास येतो, म्हणून त्या चार महिन्यांसाठी नायलॉनचा पट्टा लावावा.

ठेवून द्यायचे असल्यास

घड्याळ महिनोन्महिने ठेवायचे असेल, तर पुसून, पट्टा सैल सोडून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे. रंग बदलणारी पुडी घेतल्यास ती ओलावा पिऊन भरली आहे की नाही ते दिसते. डांबरगोळ्या घातलेल्या कपाटात घड्याळ ठेवू नये. त्यांच्या वाफेपासून प्लॅस्टिकला आणि रंगलेपाला धोका असतो. वरचेवर वापरातल्या चावीच्या घड्याळाचे सर्व्हिसिंग तीन ते पाच वर्षांनी करावे. अनेक कारागीर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने तारीख किंवा आपली खूण कोरून ठेवतात. झाकण उघडले जाईल तेव्हा त्या खुणांचे छायाचित्र घ्यावे आणि स्वतःच्या वहीत सर्व्हिसिंगची तारीख, बदललेले भाग आणि दिलेली रक्कम यांची नोंद ठेवावी.

त्याच डब्यात एखादे सेलवर चालणारे घड्याळ असेल, तर त्याचा नियम वेगळा. क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याला १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो. त्याच आकाराचा स्वस्त अल्कलाइन सेल त्यात बसतो, पण तो लवकर गळतो आणि गळलेले द्रव्य सर्किट खाऊन टाकते. अनेक क्वार्ट्झ घड्याळांत सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागला, की सेल संपत आल्याची ती सूचना असते; तेव्हा सेल बदलावा. घड्याळ वापरायचेच नसेल तर सेल काढून घ्यावा आणि तो कोणत्या क्रमांकाचा होता ते कागदावर लिहून डब्यात ठेवावे.